धनुर्धर गुरू रॉजर ॲस्कम

विद्यार्थी मित्रहो, धनुर्विद्येचे नाव काढले की आपल्या मनश्चक्षूंपुढे द्रोणाचार्यांचा आश्रम उभा राहतो. झाडावरील पक्ष्याच्या डोळ्यावाचून दुसरे काहीही न पाहणारा अर्जुन आणि गुरूच्या मातीच्या मूर्तीपुढे एकाकी सराव करणारा एकलव्य आपण बालपणापासून ओळखतो. परंतु बाण नेमका लागतो कशामुळे आणि चुकतो कशामुळे, धनुष्याची घडण नेमाला कोठे साहाय्य करते आणि कोठे दगा देते, हे प्रश्न कथेच्या ओघात आपण सहसा विचारीत नाही. ज्याने हे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे मैदानावर शोधली आणि ती आपल्या मातृभाषेत लिहून ठेवली, अशा एका शिक्षकाचे चरित्र आम्ही आज आपणांस सांगणार आहोत. त्याचे नाव रॉजर ॲस्कम.

रॉजर ॲस्कमचा जन्म इ. स. १५१५ च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर परगण्यात, कर्बी विस्क नावाच्या खेडेगावी झाला. वडील जॉन ॲस्कम एका सरदाराच्या पदरी कारभारी होते. घरची स्थिती बेताचीच. पण मुलाची बुद्धी लहानपणीच चमकू लागली. सर हम्फ्री विंगफील्ड नावाच्या एका सज्जन गृहस्थाने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले व आपल्या घरातील मुलांबरोबर त्याच्या शिक्षणाची सोय केली. हा गृहस्थ मोठा कायदेपंडित होता. तथापि मुलांनी केवळ पुस्तकांत मान खुपसून बसावे, हे त्यास मान्य नव्हते. तो लंडनहून येताना मुलांसाठी धनुष्ये व बाण घेऊन येई आणि त्यांना स्वतः मैदानावर नेई. ज्याची मारण्याची ढब सर्वांत डौलदार, त्याला उत्तम धनुष्य बक्षीस मिळे; जो वेडावाकडा मारी, त्याची सुधारणा होईपर्यंत थट्टा चाले. रॉजरच्या मनात ग्रंथ आणि धनुष्य या दोहोंची प्रीती एकाच घरात रुजली, आणि ती त्याच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत टिकली.

सन १५३० मध्ये, वयाच्या सुमारे पंधराव्या वर्षी, रॉजर केंब्रिज विद्यापीठाच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. त्या काळी युरोपात ग्रीक विद्येचे पुनरुज्जीवन होत होते आणि जॉन चीक हा तरुण विद्वान केंब्रिजमध्ये त्या विद्येचा ध्वज फडकवीत होता. त्याच्या सहवासात रॉजरने ग्रीक भाषा आत्मसात केली. आपल्याहून धाकट्या विद्यार्थ्यांना शिकविता शिकविता ती अधिक पक्की केली. सन १५३४ मध्ये तो पदवीधर झाला, कॉलेजचा फेलो झाला आणि पुढे ग्रीकचा अध्यापकही झाला. त्याचे हस्ताक्षर इतके सुरेख होते की, विद्यापीठाची महत्त्वाची पत्रे त्याच्याकडून लिहवून घेत.

परंतु अतिशय अभ्यासाने व मूळच्या नाजूक प्रकृतीने त्याला वारंवार आजारपण येई. दीर्घकाळच्या ज्वराने तो एकदा महिनोन्‌महिने अंथरुणास खिळला होता. शरीराला व्यायाम हवा म्हणून तो धनुष्य घेऊन मोकळ्या हवेत जाई. त्यावरून काही विद्वानांनी नाके मुरडली. ग्रीकचा अध्यापक, आणि हा गावगड्यांप्रमाणे बाण मारीत हिंडतो, असा त्यांचा आक्षेप होता. ॲस्कमने या टीकेला वादावादीने उत्तर दिले नाही. त्याने एक ग्रंथ लिहिला.

त्या ग्रंथाचे नाव ‘टॉक्सॉफिलस’. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ धनुष्यावर प्रेम करणारा असा होतो. सन १५४५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. इंग्रजी भाषेत धनुर्विद्येवर छापलेले हे पहिले पुस्तक होय. ग्रंथाची रचना संवादरूप आहे. एक आहे धनुष्यप्रेमी टॉक्सॉफिलस आणि दुसरा विद्याप्रेमी फिलॉलॉगस. दोघे मित्र बोलत बसतात. एक शंका काढतो, दुसरा निरसन करतो. आपल्याकडील गुरुशिष्यसंवादाची आठवण व्हावी, अशीच ही पद्धत आहे.

येथे आम्हांस एका गोष्टीकडे आपले लक्ष मुद्दाम वेधावयाचे आहे. ॲस्कमच्या काळी विद्वानाने लॅटिनमध्येच लिहावे, असा संकेत होता. इंग्रजी ही शेतकऱ्यांची व बाजाराची बोली समजली जाई. ॲस्कमला लॅटिन व ग्रीक या भाषा अवगत होत्या. त्यांत लिहिणे आपल्याला अधिक सोपे गेले असते आणि त्यात मानही अधिक मिळाला असता, हे त्याने स्वतःच नमूद केले आहे. तरीही त्याने इंग्रजी निवडली. कारण ज्यांच्या हाती धनुष्य होते, ते लोक इंग्रजी बोलणारे होते. ज्याच्यासाठी विद्या, त्याच्या भाषेत विद्या, हा त्याचा विचार. आमच्या घरची बोली कोंकणी आणि शाळेची भाषा मराठी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरीदारी आणखी वेगळ्या भाषा चालतात. आपल्या भाषेत शास्त्राचे गंभीर विषय मांडता येतील काय, अशी शंका घेणारे लोक आपल्याभोवतीही आढळतात. चार शतकांहून अधिक काळापूर्वी हीच शंका इंग्रजीविषयी घेतली जात होती, हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल.

राजा आठवा हेन्री हा स्वतः धनुर्विद्येचा भोक्ता होता. सन १५४१ मध्ये त्याच्या राज्यात प्रजेने धनुष्याचा सराव ठेवावा, असा कायदाही झाला होता. ॲस्कमने ग्रंथ राजाला अर्पण केला आणि ग्रीनिच येथील राजवाड्यात तो त्याच्या हाती दिला. राजाने संतुष्ट होऊन त्याला वर्षास १० पौंडांची नेमणूक करून दिली. योगायोग असा की, याच वर्षी राजाचे ‘मेरी रोझ’ नावाचे युद्धनौकांतील मोठे जहाज समुद्रात बुडाले. सन १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. त्या जहाजातून शंभराहून अधिक अखंड धनुष्ये व हजारो बाण मिळाले. ॲस्कमने शब्दांत वर्णिलेली शस्त्रे आज त्यामुळे आपल्याला प्रत्यक्ष पाहता येतात.

आता या ग्रंथात काय आहे, ते पाहू. पहिल्या भागात धनुर्विद्येची थोरवी वर्णिली आहे. दुसरा भाग हा खरा शास्त्रीय. त्यात प्रथम साधनांचा विचार येतो. धनुष्यासाठी यू नावाच्या वृक्षाचे लाकूड सर्वोत्तम, असे ॲस्कम सांगतो. याचे कारण आपल्याला विज्ञानाच्या साहाय्याने समजते. धनुष्य वाकविले की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली, म्हणजे मारणाऱ्याकडील बाजू दाबली जाते. यूच्या सालीलगतचे पांढरे लाकूड ताण उत्तम सोसते आणि गाभ्याचे तांबूस लाकूड दाब उत्तम सोसते. एकाच फळीत निसर्गाने दोन गुण जोडून ठेवले आहेत.

परंतु उत्तम लाकूड घेतले म्हणजे काम संपले असे नव्हे. नवे धनुष्य घेऊन प्रथम मैदानावर जावे, जड बाणांनी ते राबवावे, कोणता भाग अधिक वाकतो ते पाहावे. मग कारागिराकडे परत नेऊन ते तासून घ्यावे, म्हणजे दोन्ही बाहू सारखे वाकू लागतील, असा त्याचा सल्ला आहे. दोरीविषयीही त्याचे निरीक्षण सूक्ष्म आहे. बारीक दोरी बाणाला अधिक वेग देते. जाड दोरी वेग कमी देते, पण भरवशाची असते. वेग हवा की खात्री हवी, हा प्रश्न धनुष्याच्या प्रत्येक भागात येतो, आणि दोन्ही पूर्णपणे एकाच वेळी मिळत नाहीत. बाणाला हंसजातीच्या गूज पक्ष्याचेच पीस लावावे, हातावर दोरीचा फटका बसू नये म्हणून पट्टा बांधावा, बोटांना हातमोजा घालावा, इत्यादी बारकावेही त्याने सोडले नाहीत.

साधनांनंतर मनुष्य. उत्तम नेमाची पाच अंगे त्याने सांगितली आहेत: उभे राहणे, बाणाची खाच दोरीत बसविणे, ओढणे, क्षणभर धरून ठेवणे आणि सोडणे. बाण दोरीवर काटकोनात बसावा. एक हात उंच व दुसरा खाली झाला, तर बाण सरळ न जाता हेलकावे घेतो आणि धनुष्य मोडण्याचाही धोका असतो. ओढताना दृष्टी लक्ष्यावर असावी, बाणावर नसावी. ज्याला बाणाकडे पाहण्याची खोड लागली असेल, त्याने रात्रीच्या काळोखात दोन दिवे लावून त्यांच्या रोखाने बाण मारावेत. बाण दिसतच नाही, तेव्हा नजर आपोआप लक्ष्यावर राहते! निरनिराळ्या माणसांच्या वाईट खोडींची त्याने केलेली यादी तर मोठी विनोदी आहे. कोणी मान ताणतो, कोणी ओठ चावतो, कोणी बाण सुटल्यावर त्याच्यामागे स्वतःच धाव घेतो. परीक्षेच्या वेळी आपल्या वर्गातही अशा मुद्रा पाहावयास मिळतात!

वाऱ्याविषयीचे त्याचे वर्णन तर शास्त्रज्ञाला शोभणारे आहे. एकदा तो यॉर्कशायरमध्ये टॉपक्लिफ व बरोब्रिज या गावांच्या दरम्यान घोड्यावरून जात होता. जमिनीवर बर्फाचा कठीण थर बसला होता व त्यावरून भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडत होता. त्यामुळे एरवी न दिसणारा वारा त्याला डोळ्यांनी दिसू लागला. एक पट्टा वेगाने धावत होता, तर त्याच्या शेजारचा संथ होता. मध्येच सारे स्तब्ध होई आणि पुन्हा प्रवाह सुरू होई. वारा सर्वत्र एकसारखा वाहत नाही, हे त्याने ताडले. आणि कसलेल्या धनुर्धराचाही बाण का फसतो, याचे एक उत्तर त्याला वाटेवर मिळाले. रस्त्याने त्या दिवशी अनेक लोक गेले असतील. पाहिले ते एकट्याने.

मित्रहो, एवढ्या बारीकसारीक गोष्टींचे महत्त्व ते काय, असे आपण विचाराल. थोडे गणित करू. सत्तर मीटर अंतरावरील लक्ष्यावर बाण मारताना दिशा केवळ एका अंशाने चुकली, तर बाण सुमारे १.२२ मीटर बाजूला जातो. ऑलिंपिक स्पर्धेतील १२२ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचे असते. त्याच्या मध्यावर नेम धरून बाण वर्तुळात राखावयाचा, तर चूक एका अंशाच्या सुमारे विसाव्या भागाहून अधिक होता कामा नये. मुठीने धनुष्य घट्ट आवळले की हाताचा किंचित पीळ धनुष्याला मिळतो. दोरी सुटताच धनुष्य त्या पिळाने वळते, आणि बाण निघून जाण्यापूर्वीच त्याची दिशा बिघडते. यंत्रशास्त्रात या पिळाला टॉर्क म्हणतात. म्हणून आजचे शिक्षक सांगतात की, धनुष्य मुठीत आवळू नये. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल भागावर ते टेकू द्यावे, आणि बोटे सैल ठेवावीत.

ॲस्कमच्या काळानंतर धनुष्य पुष्कळ बदलले. अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या हॉलिस विल्बर ॲलन या गृहस्थाने धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या बसविण्याची कल्पना काढली. सन १९६६ मध्ये त्याने अर्ज केला व १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. हेच आजचे कंपाउंड धनुष्य. साधे धनुष्य जितके ओढावे तितके जड होत जाते. कंपाउंड धनुष्याच्या कप्प्यांचा आस मध्यावर नसतो. त्यामुळे ओढ एका टप्प्यापर्यंत वाढते आणि शेवटी एकदम हलकी होते. साठ पौंडांचे धनुष्य असेल आणि ऐंशी टक्के भार कमी होत असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातावर केवळ बारा पौंड उरतात. नेम धरण्यास वेळ मिळतो आणि स्नायू थरथरत नाहीत.

एवढे झाले तरी जुना प्रश्न सुटला नाही. कंपाउंड धनुष्यात तारांसारख्या दोऱ्या बाणाच्या मार्गातून बाजूला ओढून ठेवाव्या लागतात. ती बाजूची ओढही धनुष्याला पीळ देते. दोन कप्प्यांमधील अंतर कमी असेल, तर धनुष्य आटोपशीर व हाताळण्यास सोपे होते, पण हाताची लहानशी चूकही मोठी करून दाखविते. अंतर अधिक असेल, तर ते स्थिर वाटते. मूठ दोरीच्या जवळ असेल, तर दोरी बाणाला अधिक अंतरापर्यंत ढकलते व वेग वाढतो. परंतु बाण धनुष्याशी अधिक काळ राहतो, आणि तेवढा वेळ हाताच्या चुकीला सापडतो. मूठ दोरीपासून दूर असेल, तर वेग थोडा घटतो व क्षमा वाढते. पुढे लावलेल्या लांब दांड्यांमुळे जडत्व वाढून धनुष्य सहजी वळत नाही. वेग की खात्री, हाच तो प्रश्न. दोरीच्या जाडीत ॲस्कमने जो पाहिला, तो कप्प्यांच्या युगातही तसाच उभा आहे.

आता चरित्राचा धागा पुन्हा हाती घेऊ. सन १५४६ मध्ये ॲस्कम विद्यापीठाचा सार्वजनिक वक्ता झाला, आणि १५४८ मध्ये त्याच्याकडे राजकन्या एलिझाबेथच्या शिक्षणाचे काम आले. ती तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. सकाळी ग्रीक, नंतर लॅटिन असा त्यांचा पाठ चाले. त्याची पद्धत मोठी विचारपूर्वक होती. लॅटिन उताऱ्याचे विद्यार्थ्याने स्वभाषेत भाषांतर करावे. मग पुस्तक मिटून, काही वेळाने, आपल्याच भाषांतरावरून पुन्हा लॅटिन लिहावे, आणि शेवटी ते मूळाशी ताडून पाहावे. आपली चूक आपल्यालाच दिसावी, हा त्यातील हेतू. बाण मारून लक्ष्याकडे चालत जाणारा धनुर्धर हेच करतो.

सन १५५० मध्ये राजकन्येच्या घरातील कारभाऱ्याशी न पटल्याने त्याने ती नोकरी सोडली. त्याच वर्षी तो इंग्लंडच्या वकिलाचा, सर रिचर्ड मॉरिसनचा, चिटणीस म्हणून जर्मनीस गेला. निघण्यापूर्वी त्याने ब्रॅडगेट येथे लेडी जेन ग्रे या मुलीची भेट घेतली. घरची सारी मंडळी शिकारीस गेली होती, आणि ती मुलगी एकटी प्लेटोचा ग्रीक ग्रंथ आनंदाने वाचीत बसली होती. आईवडील कठोर व शिक्षक मायाळू, म्हणून आपल्याला अभ्यासातच सुख वाटते, असे तिने त्याला सांगितले. पुढे राजकारणाच्या भोवऱ्यात सापडून सन १५५४ मध्ये त्या निरपराध मुलीचा शिरच्छेद झाला. तिची ती मूर्ती ॲस्कमच्या स्मरणातून कधी पुसली गेली नाही.

मेरी राणीच्या राज्यात धर्ममताने वेगळा असूनही ॲस्कमला १५५४ मध्ये लॅटिन चिटणिसाचे पद मिळाले. त्याची जुनी नेमणूक वाढून २० पौंड झाली. एलिझाबेथ सन १५५८ मध्ये राणी झाली, तेव्हाही तो त्याच पदावर राहिला, आणि दरबाराची कामे आटोपल्यावर राणी आपल्या जुन्या गुरूबरोबर ग्रीक वाचीत बसे.

थोरांच्या चरित्रात दोषही असतात, आणि ते झाकून ठेवणे योग्य नव्हे. ‘टॉक्सॉफिलस’मध्ये ॲस्कमने फासे व पत्ते यांवर कडाडून टीका केली होती. तरी फाशांच्या व कोंबड्यांच्या झुंजीच्या नादाने तो दरिद्री राहिला, असे इतिहासकार विल्यम कॅमडन याने लिहून ठेवले आहे. कोंबड्यांच्या झुंजीची आवड तर त्याने स्वतःही लपविली नाही. आपल्या किनारपट्टीवर हा नाद काय करतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. दुसऱ्याला सांगितलेला नियम स्वतः पाळणे किती कठीण, हे या गुरूच्या जीवनावरूनही शिकावे.

सन १५६३ च्या डिसेंबरात विंडसर येथे सर विल्यम सेसिलच्या दालनात काही मंडळी भोजनास जमली होती. ईटनच्या शाळेतील काही मुले माराच्या भीतीने पळून गेल्याची वार्ता नुकतीच आली होती. छडीने मुले सुधारतात, असे काहींचे मत पडले. ॲस्कमने त्याविरुद्ध मत दिले. मंदगतीने शिकणाऱ्या मुलाला मारून गुरुजी विद्येचाच द्वेष त्याच्या मनात पेरतात, आणि जो सावकाश शिकतो तोच पुष्कळदा अखेरीस पक्का विद्वान होतो, असे त्याचे म्हणणे होते. भोजनानंतर सर रिचर्ड सॅकव्हिल या गृहस्थाने त्याला बाजूस घेऊन या विषयावर ग्रंथ लिहिण्याची गळ घातली. कारण बालपणी अशाच माराने आपले शिक्षण खुंटले, याची खंत त्याच्या मनात होती. तो ग्रंथ म्हणजे ‘द स्कूलमास्टर’. त्यात जेनची ती भेटही आली आहे. ॲस्कम त्यावर शेवटपर्यंत काम करीत होता. परंतु डिसेंबर १५६८ मध्ये लंडन येथे त्याचे निधन झाले. त्याची विधवा पत्नी मार्गरेट हिने सन १५७० मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध केला. पतीच्या मागे दारिद्र्य उरले असता त्या माउलीने त्याचे कागद जपले, म्हणून जगाला तो ग्रंथ मिळाला.

सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात बर्लिन येथे जागतिक धनुर्विद्या स्पर्धा झाल्या. कंपाउंड प्रकारात साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे एकाच दिवशी जगज्जेते ठरले. त्यांच्या हातातील धनुष्य ॲस्कमने ओळखलेही नसते. परंतु उभे राहणे, खाच बसविणे, ओढणे, धरणे आणि सोडणे ही त्यांची पाच अंगे त्याने पाहताक्षणीच ओळखली असती. कप्प्या भार उचलतात; हात सैल ठेवावयास मात्र मनुष्यालाच शिकावे लागते, आणि ते सरावावाचून येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या शाळेच्या ग्रंथालयाची वाट जशी नित्याची असावी, तशीच मैदानाचीही असावी. आणि मैदानावर जे डोळ्यांनी पाहाल, ते आपल्या भाषेत लिहावयास विसरू नका.